फ्यूजवाला श्रीधर

घोडपदेवच्या आमच्या चाळीत दिवे गेले की दोन आवाज यायचे. पहिला सगळ्या माळ्यांचा मिळून एक लांबलचक "हाऽऽ". दुसरा माझा. मी गॅलरीच्या कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून ओरडायची, "श्रीधर, फ्यूज उडाला रे!" माझा आवाज तेव्हा तिसऱ्या माळ्यावरून नाक्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत पोचायचा. आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये मी सतराव्या मजल्यावर राहते, तिथून तो लिफ्टपर्यंतही जात नाही, तरी नात म्हणते, "आजी, हळू बोल ना, शेजारी ऐकतील." शेजाऱ्यांनी ऐकावं म्हणून तर माणूस बोलतो, बाई.

श्रीधर मेस्त्री आणि त्याची आई आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. हाक मारली की तो बनियनवर शर्ट चढवत यायचा. खिशात टेस्टर आणि काळ्या टेपचं भेंडोळं कायम. जिन्याखालच्या मीटरच्या फळीवरून चिनी मातीचा फ्यूज उपटायचा, जळकी तार काढायचा, नवी घालायचा, की लागले दिवे. पुन्हा एकदा "हाऽऽ", या वेळी खुशीचं. थँक्यू म्हणायला कुणी वाकून बघितलं, तर तो वर निघून गेलेला असायचा.

पाच-सहा वर्षं आम्ही त्याला असं राबवलं. नुसता फ्यूज नव्हे. पाटणकरांचा मिक्सर, तळमजल्यावरची पाण्याची मोटर, गणपतीतली रोषणाई. आणि तेवढीच वर्षं मी समजून चालले होते की हेच त्याचं पोटापाण्याचं काम. त्यात माझी एकटीची चूक नव्हती. तो दक्षिणेतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून बदली होऊन मुंबईच्या नौदलाच्या गोदीत आला, तेव्हा मीच त्याला जिन्यात गाठलं होतं. जिन्यात गाठलेला माणूस पळू शकत नाही, हा माझा शोध.

"काय रे, गोदीत काय करतोस?"

तो एक पायरी खाली थांबला. विचार करून म्हणाला, "फ्यूजचं काम बघतो, काकी."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत तिन्ही माळ्यांवर बातमी पोचवली. मेस्त्रीणमावशी मुलगा मोठा इंजिनियर म्हणून सांगत होत्या, पण निघाला वायरमन. सरकारी आहे, एवढंच समाधान. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे पंचावन्नची. त्या वयात बाईला सगळं कळत असतं. पुढे हळूहळू कमी होत जातं.

तो फ्यूज कसला, हे मला कळायला त्याची आई जावी लागली.

श्रीधर तेव्हा त्रेचाळीसचा असेल. उंच, सावळा, किंचित पुढे झुकलेला, कुणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगतंय आणि तो ऐकतोय असा. बोलणं कमी. एकच प्रश्न मात्र तो न चुकता विचारायचा. कुणी म्हणालं, "दवाखाना इथून जवळच आहे," की हा विचारणार, "जवळ म्हणजे किती?" कुणी म्हणालं, "सुट्टी जवळ आली," की, "जवळ म्हणजे किती?" आमचे हे बसमध्ये कंडक्टर होते, त्यांना या प्रश्नाचा राग यायचा. ते म्हणायचे, "एक स्टॉप!" श्रीधरला तेवढ्यानं चालायचं नाही. "पण कुठला स्टॉप? सगळे स्टॉप सारख्या अंतरावर नसतात ना, काका." हे पंखा मोठा करून भिंतीकडे तोंड करायचे.

आणखी एक खोड होती. सुट्टीच्या दिवशी तो गॅलरीच्या टोकाला उभा राहून घारी बघायचा. भायखळ्याच्या बाजारावरून घारी तरंगत आमच्या पाण्याच्या टाकीकडे यायच्या. घार टाकीच्या सगळ्यांत जवळ आली, की त्या क्षणाला हा जिभेनं "टक्" करायचा. घार लांब गेली, परत आली, परत "टक्". कबुतर दोरीजवळून गेलं, "टक्". एकदा मी मुद्दाम त्याच्या जवळून दोनदा गेले. काही वाजलं नाही. म्हटलं, आपण त्यातले नाही.

त्याची आई माझी खरी मैत्रीण. मेस्त्रीणमावशी मालवणकडच्या, चाळीस वर्षं मुंबईत राहून बोली तसूभर हलली नव्हती. मुलगा कुठं जातो, काय करतो, याचा त्यांनाही पत्ता नसायचा. महिना महिना तो बाहेर असे. फोन येई तोही दोन वाक्यांचा. मावशी फोन ठेवून म्हणायच्या, "खंय असा, माका सांगणा नाय. जेवलंय म्हणता, तेवढाच." मग स्वतःशीच हसायच्या. "सुताराचा घर आमचा. आमच्याकडे लाकूड बोलता, माणसा बोलनत नाय."

मावशींच्या आग्रहावरून मी त्याच्यासाठी एक स्थळ आणलं. गिरगावातलं. मुलगी अडतीसची, शाळेत चित्रकला शिकवणारी. वडील बँकेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून प्रत्येक गोष्टीची पावती मागणारे. आम्ही त्यांच्या घरी गेलो. पोहे आले. मुलगी आली. वडिलांनी चष्मा पुसला.

"आपण नक्की काय करता?"

"फ्यूज," श्रीधर म्हणाला.

"म्हणजे?"

"फ्यूजच्या विभागात आहे."

"बनवता, की बसवता?"

"दोन्ही."

"अच्छा. आणि समजा, उडाला तर?"

श्रीधर फार गंभीर झाला. "उडायलाच हवा. पण वेळेवर. आधी उडाला तर फुकट, उशिरा उडाला तर त्याहून फुकट."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यातलं खोबरं वेचायला लागले. मुलगी मात्र हसली. चांगलं हसली, तोंडावर हात न धरता. तिनं विचारलं, "लग्नानंतर राहणार कुठे?"

"इथे. नाहीतर बाहेर."

"बाहेर कुठे?"

"ते सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे, माहीत नाही?"

"माहीत आहे," श्रीधर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगा सज्जन वाटला, पण काहीतरी लपवतो. मी श्रीधरला गॅलरीत धरून झापलं. "अरे, मोठा साहेब आहे म्हणून सांगायला काय जातं? मी वायरमनला सुपरवायझर केलं असतं एका वाक्यात!" तो म्हणाला, "त्या हसल्या तेव्हा बरं वाटलं, काकी." एवढंच. मला वाटलं, हा मुलगा मंद आहे. मी तेव्हा माणसांबद्दल फार झटपट मतं बनवायची. वेळही वाचायचा.

दीड वर्षानं मावशी गेल्या. शेवटचे आठ दिवस इस्पितळात होत्या. श्रीधर गोदीतून थेट तिकडे जायचा. मी दुपारी बसायची. एक दिवस त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला ताकद नव्हती, पण सुतारणीचा हात, सोडवून घेता येईना. म्हणाल्या, "गे बाय, माझ्या झिलाक एकट्याक सोडू नको."

मी म्हटलं, "नाही सोडणार तुमच्या मुलाला." मला शब्द द्यायला तेव्हा काही लागायचं नाही.

तेराव्याला माणसं जेवून गेली, भांडी घासून झाली. श्रीधर उंबऱ्यात बसला होता, मी गॅलरीत स्टुलावर. मांजर आलं आणि उरलेल्या वड्यांकडे निघालं. मी चप्पल काढून फेकली. लागली नाही, पण मांजर पळालं.

"काकी," तो एकदम म्हणाला, "तुमची चप्पल मांजराला कधी लागली आहे?"

"नाही रे. नेम कुठे आहे मला."

"पण पळतं ना? लागावंच लागत नाही. जवळ आपटली तरी काम होतं. आमचं तेच आहे. समोरून विमान येतंय, नाहीतर दुसऱ्यानं सोडलेलं क्षेपणास्त्र येतंय. आपण जमिनीवरून किंवा जहाजावरून आपलं सोडायचं. दोघांचा वेग असा की डोळ्याचं पातं लवेपर्यंत कोस गेलेले. अशात थेट आदळणं कठीण. म्हणून आदळायचं नाही. जवळून जायचं, आणि सगळ्यांत जवळ असू त्या क्षणाला फुटायचं. तो क्षण कुठला, हे ओळखणारी डबी असते आत. तिला फ्यूज म्हणतात."

मी स्टुलावरच होते म्हणून बरं.

"हे सगळं पुस्तकांत छापलेलं असतं," तो म्हणाला. "पण मी त्यावर काम करतो, हे कुणाला सांगायचं नाही. आईला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका."

"मग मला का सांगितलंस?"

त्यानं खोलीत बघितलं. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. "कुणाला तरी सांगावंसं वाटलं," तो म्हणाला.

अठरा वर्षं तो त्या एका डबीवर होता. तिनं पक्ष्याला विमान समजू नये, लाटेवर आपटून परतलेल्या रडारच्या लहरीला फसू नये, ढगात गडबडू नये. त्या अठरा वर्षांत त्यानं एकच गोष्ट ठरवत आणली होती: जवळ म्हणजे किती. आणि मी त्याला पाटणकरांच्या मिक्सरला जुंपलं होतं.

आई गेल्यावर त्यानं एक नवी सवय लावून घेतली. गोदीत जाताना खोलीतला रेडिओ चालू ठेवून जायचा. माझ्याकडे त्याची किल्ली असायची. मला वाटलं विसरला, म्हणून मी जाऊन बंद केला. काटकसर माझ्या अंगात फार, विशेषतः दुसऱ्याच्या विजेची. असे दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काकी, तो असू दे. संध्याकाळी कुलूप काढताना आत आवाज असला की बरं पडतं."

त्या वाक्यानं मी बेचैन झाले. शब्द दिला होता ना! आणि मी बेचैन झाले की आसपासच्या माणसांनी सावध व्हावं, असं आमचे हे म्हणायचे.

पुढे दिवाळीनंतर एकदा श्रीधर कढीपत्त्याची कुंडी घेऊन आला. "काकी, पुढच्या महिन्यात पंधरा-वीस दिवस मी समुद्रावर असेन. ह्याला पाणी घालाल?" चेहरा नेहमीचाच, पण पाय एका जागी ठरत नव्हते. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता.

"डबी बसवली वाटतं जहाजावर?" मी डोळा मारला.

तो हसला. मग हळूच म्हणाला, "आजवर दर वेळी किनाऱ्यावर, तंबूत, पडद्यापुढे बसून बघितलं. या वेळी जहाजावर असणार आहे मी. सुटताना आवाज कसा येतो, तो छातीत ऐकायचाय."

हे सगळं मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि त्याच दुपारी टेबलापाशी बसून त्याचा लग्नाचा बायोडाटा लिहिला.

मला वाटलं, गिरगावचं स्थळ गेलं ते 'फ्यूज' शब्दापायी. या वेळी कमी सांगायचं नाही. वर श्री गजानन प्रसन्न. उंची खरी. वर्ण गहूवर्णी, सावळा होता, पण सांगून कुणाचं भलं होणार होतं? मग 'नोकरी' असं लिहून मी पेनाला टोपण लावलं, काढलं, आणि लिहिलं: 'केंद्र सरकार. सध्या गोदीतील मोठ्या युद्धनौकेवर, हवेतल्या हवेत विमान पाडणारे शेपणास्त्र बसवण्याचे अत्यंत गुप्त काम. पुढील महिन्यात भर समुद्रात चाचणी. तरी बघण्याचा कार्यक्रम त्याआधी उरकावा.' 'अत्यंत गुप्त'खाली दोन रेघा ओढल्या, म्हणजे मुलीकडच्यांना महत्त्व कळावं. अपेक्षा: मुलगी बोलकी असावी. शेजारी गणपतीतल्या फोटोतून कापलेला त्याचा चेहरा चिकटवला. कानामागून ढोलाचा एक तुकडा दिसत होता. टायपिंग मला येत नव्हतं, म्हणून कागदाचाच फोटो काढला आणि मोबाइलवर लग्न जुळवणाऱ्या तीन ग्रुपांत टाकला. मुलांचे बायोडाटे तिथं शेकडो येत. कोण विचारतो, कोण नाही. पण या बायोडाट्याला दीड तासात नऊ अंगठे आले. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "बघा!"

पाचव्या दिवशी सकाळी दोन माणसं आली.

साधे शर्ट, पण बूट काळे, असे चकचकीत की गॅलरीतली दोरी त्यांत दिसावी. श्रीधर गोदीत गेलेला. त्यांनी मला विचारलं, "मेस्त्रींना ओळखता का?" मी लगेच ताडलं. मुलीकडची माणसं अशीच येतात. मुलगा घरी नसताना, शेजाऱ्यांना विचारायला. मी त्यांना आत बसवलं. चहा टाकला, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या काढल्या.

"स्वभाव कसा आहे?" थोरल्यानं विचारलं. गोड माणूस होता.

"सोनं! पानाचंसुद्धा व्यसन नाही."

"येणंजाणं कुणाचं? मित्र वगैरे?"

"कुणी नाही हो! आई गेल्यापासून रेडिओ तेवढा सोबतीला."

"बाहेरगावी जातात?"

"महिना महिना. पण पत्ता लागू द्यायचा नाही. आईलासुद्धा सांगितलं नाही कधी, इतका पोटात ठेवणारा." मी चकल्या पुढे सरकवल्या. "मुलगी कितपत शिकली आहे?"

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. थोरला म्हणाला, "शिकतेच आहे अजून."

"या वयात? हौशी दिसते!"

मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझाच कागद माझ्यापुढे धरला. "हा कुणी लिहिलाय?"

आता इथं मी एक श्वास थांबले असते, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण माझ्या डोक्यात स्थळाचा हिशेब पक्का होता. शेजारणीनं लिहिला म्हटलं तर मुलीकडच्यांना वाटणार, मुलाला स्वतःला लग्नाची इच्छाच नाही. मी ठासून म्हटलं, "त्यानंच. स्वतःच्या हातानं लिहिला. माझ्यासमोर बसून."

"नक्की?"

"अहो, खोटं कशाला सांगेन?"

थोरल्यानं चहा संपवला, कप स्वतः उचलून मोरीपाशी ठेवला. मी मनात म्हटलं, घराणं चांगलं आहे.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी निरोपाची वाट बघत होते. महिना पालटला. श्रीधर जायचा दिवस येऊन गेला, आणि एका सकाळी बघते तर तो गॅलरीत उभा राहून स्वतःच कढीपत्त्याला पाणी घालतोय.

"अरे, तू गेला नाहीस?"

"दुसऱ्या एक मॅडम गेल्या. काम त्यांनाही येतं."

"का पण?"

"असंच."

मला वाटलं, बरंच झालं, म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमाला मोकळा आहे. म्हणून विचारलं, "मग त्या दोघांकडून काही निरोप?"

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. "कुठले दोघे?"

"तुझ्या स्थळाकडचे. काळे बूट. थोरला फार गोड होता."

तो माझ्याकडे बघायला लागला. रागानं नाही. एखादं यंत्र उघडल्यावर आतली तुटकी तार सापडावी, तसा.

"काकी," तो म्हणाला, "ते मुलीकडचे नव्हते."

मग मला एकेक करून सगळं कळलं, म्हणजे मी विचारत गेले आणि तो 'हो' म्हणत गेला. तो कागद कुणाच्या तरी मेव्हण्यामार्फत त्याच्या साहेबांच्या टेबलावर पोचला होता. ती माणसं चौकशीची होती. मी त्यांना दिलेली साक्ष त्यांनी लिहून घेतली होती. आणि श्रीधरला बोलावून विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "हो, मीच लिहिला."

"अरे, पण का? अक्षर बघून कळलं असेल ना तुला!"

"अक्षराच्या आधी शुद्धलेखनावरून कळलं. तुम्ही 'शेपणास्त्र' लिहिलं होतंत. साहेब म्हणाले, मेस्त्री, अठरा वर्षं यावर काम करताय आणि लिहिता येत नाही?"

"हसले का रे साहेब?"

"नाही. हसले असते तर बरं झालं असतं."

मी पदर खोचला. "मी येते तुझ्या साहेबांकडे. सांगते, म्हातारीचा मूर्खपणा होता."

"नको. मग तुमची चौकशी, तुमच्या मुलाची. त्याची नोकरी सरकारी आहे. आणि शेजारणीनं खोटं का सांगितलं, याला तुम्ही काय उत्तर देणार? स्थळ चांगलं होतं म्हणून?" त्यानं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. "माझी नोकरी आहे, काकी. फक्त जहाजावरून काढलंय. आणि परत दक्षिणेत पाठवणार आहेत."

माझ्या तोंडाला त्या दिवशी पहिल्यांदा कुलूप लागलं. आमचे हे दोनदा विचारून गेले, ताप आहे का म्हणून.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, श्रीधर दारात आला. हातात पिशवी. "काकी, सुके बोंबील घ्यायला कफ परेडला येता? मच्छीमार नगरात ताजे सुकवलेले मिळतात."

भायखळ्याच्या बाजारात बोंबलांचे ढीग पडलेले असताना कफ परेडला! पण मी चप्पल घातली. त्यानं विष खायला नेलं असतं तरी मी तेव्हा चप्पल घातली असती.

सकाळचं ऊन नुकतंच चढायला लागलं होतं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, खाली होड्या, पलीकडे समुद्र. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मला ते सोयीचंच झालं. श्रीधर बोंबलांकडे बघेना. एका उलट्या होडीला टेकून तो घड्याळाकडे बघत होता आणि समुद्राकडे. समुद्रावर काही नव्हतं. मी विचारलं, "इथून दिसणार आहे का रे?"

"नाही. फार लांब आहे."

लांब म्हणजे किती, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

घड्याळात काय वाजले ते मी बघितलं नाही, पण कधी वाजले ते मला कळलं. त्यानं श्वास धरला होता. मग सोडला. समुद्र होता तसाच होता. एक घार मांडवाला घासून गेली, तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

अर्ध्या तासानं फोन वाजला. त्या मॅडमचा. वारा होता, म्हणून त्यानं आवाज मोठा केला. मलाही ऐकू आलं.

"सर, भेट झाली."

"किती जवळून?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"जवळून नाही, सर! गळाभेट! सगळे नाचताहेत इथे. तुमच्यापर्यंत आलंच नाही काम."

"वा," श्रीधर म्हणाला. "वा, वा. सगळ्यांना सांगा, अभिनंदन."

फोन खिशात ठेवून तो मला समजावून सांगू लागला, लहान मुलाला सांगावं तसं. थेट आदळलं, काकी. मधोमध. असं झालं की फ्यूजला काही करावंच लागत नाही. समोरचं तसंच मोडून पडतं.

"म्हणजे तुझी डबी..."

"तिची वेळच आली नाही."

"अरे, मग हे चांगलं का वाईट?"

"चांगलं! याहून चांगलं काही नसतं," तो म्हणाला आणि हसायला लागला. खरंच हसत होता. मीही हसले, कारण काय करावं ते मला सुचत नव्हतं. अठरा वर्षं ज्या क्षणाची तयारी केली, तो क्षण याला सोडून झाला, आणि याच्या डबीलाही सोडून झाला. आणि पहिली अर्धी गोष्ट माझ्या पेनानं घडवलेली.

मी म्हटलं, "श्रीधर, मला माफ कर रे."

त्यानं पिशवी झटकली. "बोंबील घेऊया," म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो दक्षिणेत गेला. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी दादरला होते. परत आले तर शेजारी कुलूप आणि माझ्या दारात कढीपत्त्याची कुंडी. दोन दिवाळ्या त्याचा फोन आला, दोन वाक्यांचा. मग नंबर लागेनासा झाला. लग्न झालं की नाही, ठाऊक नाही. नात मोबाइलवर कधी दाखवते, बघ आजी, जहाजावरून पांढरा लोळ आकाशात गेला. मी विचारते, जवळून गेलं का आदळलं? तिला वाटतं, मला यातलं फार कळतं.

श्रीधर मला शेवटचा नीट दिसला, तो त्या मच्छीमार नगरातच. मी बोंबलांचा भाव करत होते. थोडं पलीकडे एक कोळीण फाटलं जाळं तपासत होती. जाळ्याचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं धरायला कुणी नव्हतं. तिनं श्रीधरला हाक मारली, "ओ दादा, जरा धरा की हे. ताणून धरा." त्यानं पिशवी खाली ठेवली आणि धरलं. ती हातभर पुढे सरकत भोकं बघत गेली, तेवढ्यात तिला कुणीतरी होडीकडून बोलावलं, आणि ती बोलत बोलत तिकडेच निघून गेली. त्याला सोड म्हणायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

मी हाक मारणार होते. माझा आवाज तिथवर सहज पोचला असता. पण तो दोन्ही हात छातीपाशी धरून, एकाग्र होऊन, त्या जाळ्याकडे बघत उभा होता. मधेच वाऱ्यानं जाळ्याला थोडा झोळ आला. तेव्हा तो एक पाऊल मागे सरकला.